एका शब्दाची शिक्षा

मुलगा बऱ्यापैकी सावरला होता. मनोरुग्णालयात आई भेटायला आली, तेव्हा त्याला आनंद झाला आणि भरात त्याने तिच्या खांद्यावर हात टाकला. आईचं अंग आक्रसलं. त्याने हात मागे घेतला. त्यावर आईनेच विचारलं, की आता माझ्यावर तुझं प्रेम उरलं नाही का? तो लाजून लाल झाला, तर ती म्हणाली, की एवढ्याशा गोष्टीनं ओशाळायचं नसतं, आपल्या भावनांना घाबरायचं नसतं. पुढे तो जेमतेम काही मिनिटं तिच्याजवळ बसू शकला. ती गेल्यावर त्याने एका कर्मचाऱ्यावर हात उचलला आणि त्याला शांत करण्यासाठी टबात ठेवावं लागलं.

हा प्रसंग १९५६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात आहे. ग्रेगरी बेटसन, डॉन जॅक्सन, जे हेली आणि जॉन वीकलँड हे त्याचे लेखक. त्यांचं म्हणणं असं, की एकाच वेळी 'जवळ ये' आणि 'दूर राहा' असे दोन उलटे संदेश देणाऱ्या घरात मूल वाढलं, की ते कोंडीत सापडतं. कसंही वागलं तरी चुकतंच. अशा दुहेरी कोंडीत वर्षानुवर्षं काढल्यावर त्याचं बोलणं-विचार करणं विस्कटतं, आणि त्यालाच आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो. निबंध गाजला, आणि आईचा तो आक्रसलेला खांदा पुरावा म्हणून पुढे कित्येक वर्षं वर्गांमधून सांगितला गेला.

तो प्रसंग मी वाचते तेव्हा माझं लक्ष त्या बाईकडे जातं. ज्या मुलाने आजाराच्या भरात कदाचित तिला ओळखलंही नसेल, कदाचित तिच्यावर धावूनही गेला असेल, त्याने एकाएकी अंगावर हात टाकल्यावर ती दचकली. याचा अर्थ तिने त्याला वेडं केलं, की त्याच्या आजाराने तिला दचकायला शिकवलं? निबंधात हा प्रश्न कुणी विचारलेला नाही. तो विचारला जायला आणि त्याचं नीट उत्तर मिळायला मधे बरीच वर्षं गेली. त्या वर्षांत हजारो आयांनी न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगली, म्हणून ही हकिगत.

मुळात या आजाराचा अभ्यास सुरू झाला तेव्हा कुणी आईकडे बोट दाखवलं नव्हतं. जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात वेडाच्या पसाऱ्यातून दोन मोठे आजार वेगळे काढले. एक, चढउतारांचा, ज्यात माणूस मधे मधे पूर्ववत होतो. आणि दुसरा, तरुणपणी सुरू होऊन बुद्धी-भावनांना उतरती कळा लावणारा. या दुसऱ्याला त्यांनी 'अकाली बुद्धिभ्रंश' अशा अर्थाचं लॅटिन नाव दिलं. कारण मेंदूत आणि शरीरात कुठेतरी असणार, अशी त्यांची खात्री होती. झुरिकच्या बुर्गहॉल्झ्ली रुग्णालयाचे प्रमुख ऑयगेन ब्लॉयलर यांना ते नाव पटलं नाही. रोग प्रत्येक वेळी अकाली येत नाही आणि प्रत्येकाचा बुद्धिभ्रंशही होत नाही, हे त्यांनी रोजच्या सहवासात पाहिलं होतं. २४ एप्रिल १९०८ रोजी बर्लिनच्या व्याख्यानात त्यांनी 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द वापरला. विचार, भावना, इच्छा यांची एकमेकांशी असलेली वीण उसवणं, असा त्यांचा रोख होता. मराठीत आपण त्याचं 'छिन्नमनस्कता' केलं. एका शरीरात दोन माणसं, असा समज या शब्दामुळे इकडेही पसरला आणि तिकडेही. तो चूक आहे. २००४ साली सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट आला, तेव्हा कुठे कित्येक मराठी घरांना पहिल्यांदा कळलं, की शेजारच्या घरातल्या ज्या गोष्टीबद्दल दबक्या आवाजात बोलतात तिला एक नाव आहे.

ब्लॉयलर यांच्याबद्दलची एक गोष्ट पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. त्यांची मोठी बहीण अ‍ॅना-पाउलिना हिला गंभीर मानसिक आजार होता. आईवडील गेल्यावर त्यांनी तिला रुग्णालयातल्या आपल्या राहत्या घरी आणलं. ज्या घरात या आजाराला नाव मिळालं, त्याच घरात, त्यांच्या मुलाबाळांसोबत, आजारी बहीणही वावरत होती. आपल्याच माणसाचा आजार रोज पाहणाऱ्या माणसाने दुसऱ्यांच्या घरांवर चटकन ठपका ठेवला नाही, याचं मला नवल वाटत नाही.

ठपका आला तो अमेरिकेत, आणि आला तो एका अतिशय दयाळू बाईकडून.

फ्रीडा फ्रॉम-राइखमान या मूळच्या जर्मन ज्यू डॉक्टर. पहिल्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर त्यांनी उपचार केले होते. हिटलर सत्तेवर आल्यावर देश सोडून १९३५ साली त्या अमेरिकेत पोहोचल्या आणि मेरीलँडमधल्या रॉकव्हिल गावी चेस्टनट लॉज नावाच्या खासगी रुग्णालयात राहिल्या, त्या १९५७ साली मृत्यू येईपर्यंत. फ्रॉइड यांचं मत होतं, की अशा रोग्यांवर मनोविश्लेषणाचा उपयोग नाही. फ्रीडाबाईंनी ते मानलं नाही. ज्यांना इतर ठिकाणी कोंडून, बांधून, इन्सुलिनने बेशुद्ध करून किंवा मेंदूवर शस्त्रक्रिया करून ठेवलं जाई, त्यांच्यासमोर त्या आठवड्यातून अनेकदा तासन् तास बसत. महिनोन्महिने न बोलणाऱ्यांसमोरही बसत. 'आय नेव्हर प्रॉमिस्ड यू अ रोझ गार्डन' या गाजलेल्या कादंबरीतली समजूतदार डॉक्टर त्यांच्यावरूनच बेतलेली आहे.

१९४८ साली या फ्रीडाबाईंनी आपल्या उपचारपद्धतीविषयी एक लेख लिहिला. त्यात त्यांनी म्हटलं, की हा रोगी माणसांवर विश्वास ठेवू शकत नाही, कारण लहानपणी जवळच्या माणसांनी, आणि बहुधा 'स्किझोफ्रेनिया घडवणाऱ्या आईने', त्याला झिडकारलेलं असतं. सबंध लेख उपचाराबद्दल होता. आईबद्दलचा तो शब्द एका वाक्यात जाता जाता आला होता. पण तो लेखातून सुटून बाहेर पडला आणि त्याने देश पालथा घातला.

त्याला जमीनही तयार मिळाली. युद्धानंतरच्या अमेरिकेत मानसोपचाराची सूत्रं मनोविश्लेषकांच्या हाती होती. जीवशास्त्राचं, आनुवंशिकतेचं नाव काढलं की नाझींची आठवण येई, आणि ती येणं साहजिकच होतं, कारण जर्मनीत आनुवंशिक रोगी ठरवून हजारो मनोरुग्णांना मारलं गेलं होतं. त्यामुळे 'रक्तात नाही, घरात शोधा' हे म्हणणं माणुसकीचं वाटे. घरात शोधायला गेलं की बाप कामावर गेलेला असे. घरात सापडे ती आई.

१९४९ साली ट्रूडे टीट्झे यांनी अशा २५ आयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना या बाया चिंताग्रस्त, नियंत्रण ठेवू पाहणाऱ्या, वरून गोड पण आतून कठोर वाटल्या. निरोगी मुलांच्या २५ आया बोलावून तुलना मात्र केली नव्हती. ज्या बाईचा विशीतला मुलगा अदृश्य माणसांशी बोलतो, ताटातल्या अन्नात विष आहे म्हणतो, ती डॉक्टरांसमोर चिंताग्रस्त दिसणार नाही तर काय? तिने मुलावर पाळत ठेवली तर ती 'नियंत्रण ठेवणारी', आणि थकून हात टेकले तर 'नाकारणारी'. दुहेरी कोंडीचं याहून चपखल उदाहरण मला माहीत नाही, फक्त कोंडीत सापडलेली होती ती आई.

या काळात आया निमूटपणे उपचारांचे पैसे भरत. मुलाला भेटायला गेल्या, की आपल्या येण्याने तो बिघडतो असं त्यांना ऐकवलं जाई. आपल्याकडे 'आईनंच लाडावून ठेवला' हे वाक्य नातेवाईक म्हणतात. तिथे ते पदवीधर डॉक्टर म्हणत होते, आणि त्याला शास्त्राचा आधार असल्याचंही सांगत होते.

या सिद्धांताला पहिला तडा गेला तो एका वेगळ्याच बाजूने. १९५२ साली पॅरिसच्या सेंट-अ‍ॅन रुग्णालयात झाँ दले आणि पिएर दनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना दिलं आणि आरडाओरडा करणारे वॉर्ड शांत झाले. त्याच सुमाराला आपल्या सर्पगंधेचं भाग्य उजळलं. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावर सर्पगंधेच्या मुळीचा गुण दाखवून दिला, तेव्हा पाश्चात्त्यांचं तिच्याकडे लक्ष गेलं. तिच्यातलं रेसर्पिन स्वित्झर्लंडमध्ये वेगळं काढलं गेलं आणि १९५४ साली न्यूयॉर्कचे नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिलं. आपल्याकडे ही मुळी वेडावर कित्येक पिढ्या दिली जात होती. मग स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिन दिल्यावर निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा टोचलं, तेव्हा ते पुन्हा हिंडूफिरू लागले. त्यातून मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं महत्त्व कळलं, आणि पुढे १९६३ मध्ये मनोविकारावरची औषधं डोपामिनसारख्या रसायनांना अडवतात असं अनुमान कार्लसन यांनी मांडलं. मुंबईच्या बाह्यरुग्ण विभागापासून कार्लसन यांच्या नोबेलपर्यंतचा हा रस्ता एका मुळीने जोडला आहे, याचा मला अभिमान वाटतो.

पण गोळीने आवाज थांबतात एवढ्यावरून आई सुटत नव्हती. तापावर गोळी लागू पडली म्हणून ताप कशाने आला ते कळत नाही. आई आणि आनुवंशिकता वेगळ्या कशा करायच्या, हा खरा पेच होता, कारण बहुतेक मुलांना रक्तही आईकडून मिळतं आणि घरही. दोन्ही वेगळी झालेली मुलं कुठे मिळतील? दत्तक गेलेल्यांमध्ये.

ओरेगनमधले तरुण डॉक्टर लेनर्ड हेस्टन यांनी जुनी दप्तरं धुंडाळली. तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत स्किझोफ्रेनिया असलेल्या बायकांची बाळंतपणं होत आणि बाळं काही दिवसांतच हलवली जात. अशी ४७ बाळं, आता मोठी माणसं झालेली, त्यांनी शोधून काढली; तुलनेला निरोगी आयांची, तशीच लहानपणी दुरावलेली ५० माणसंही. १९६६ साली निकाल आला. ४७ पैकी पाच जणांना स्किझोफ्रेनिया होता. ५० पैकी एकालाही नव्हता. ज्या आईला मुलांनी पाहिलंही नव्हतं, जिने त्यांना ना झिडकारलं ना लाडावलं, तिच्याकडून आजार आला होता. तिच्या वागण्यातून येण्याचा प्रश्नच नव्हता.

मग डेन्मार्क. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतले सीमूर केटी, डेव्हिड रोझेंथाल, पॉल वेंडर आणि कोपनहेगनचे फिनी शुल्सिंगर यांनी तिथल्या सरकारी नोंदींचा खजिना उघडला. डॅनिश लोकांच्या घरबदलाचीही नोंद असते, हे ऐकायला कंटाळवाणं. पण त्या कंटाळवाण्या वह्यांनीच हा खटला उलटवला. १९२४ ते १९४७ या काळात कोपनहेगन परिसरात परक्या घरी दत्तक गेलेली सुमारे साडेपाच हजार मुलं त्यांनी घेतली, पुढे ज्यांना स्किझोफ्रेनिया झाला अशी ३३ निवडली, आणि प्रत्येकाला जोडीला एक निरोगी दत्तक. मग दोन्ही बाजूंच्या नातेवाईकांच्या वैद्यकीय नोंदी काढल्या, कोण कुणाचा नातेवाईक हे झाकून टाकलं, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनी निदानं केली. १९६८ चा निकाल असा: आजारी दत्तकांच्या १५० जन्मजात नातेवाईकांपैकी १३ जणांत या आजाराची गंभीर वा सौम्य रूपं सापडली, निरोगींच्या १५६ पैकी तिघांत. ज्या घरात ही मुलं वाढली तिथल्या नातेवाईकांत असा फरक नव्हता. सौम्य रूपं मोजण्यावरून पुढे बरेच वाद झाले, आणि ते योग्यच होते. पण दिशा बदलली नाही.

एक शंका तरी उरलीच. जन्मदात्या आईने नऊ महिने पोटात वाढवलं, मग दोष पोटातलाच असेल तर? केटींनी बापाकडून सावत्र असलेली भावंडं शोधली. बाप एक, आई वेगळी, घर वेगळं, गर्भाशयसुद्धा वेगळं. आजारी दत्तकांच्या अशा ६३ भावंडांपैकी आठ जणांना आजार निघाला, निरोगींच्या ६४ पैकी एकाला. १९७५ साली आलेला हा आकडा वाचताना मला वाटतं, इतकी वर्षं बापाकडे कुणी पाहिलंच नव्हतं, निदान या कोष्टकात तरी त्याची हजेरी लागली.

तोपर्यंत मनोविश्लेषणाचा उपचारही तराजूत घातला गेला होता. फिलिप मे यांनी कॅलिफोर्नियाच्या कॅमारिलो रुग्णालयात २२८ रुग्णांवर वेगवेगळे उपचार करून पाहिले. १९६८ च्या त्यांच्या अहवालात औषधाने गुण आल्याचं आणि नुसत्या संवादोपचाराने फारसा न आल्याचं स्पष्ट झालं. पुढे खुद्द चेस्टनट लॉजच्या जुन्या रुग्णांचा शोध टॉमस मॅक्ग्लॅशन यांनी घेतला, त्यातही बहुतेकांची स्थिती बिकटच निघाली. फ्रीडाबाईंचा प्रयोग फसला होता. तरी मला त्यांच्याबद्दल राग धरता येत नाही. रोग्याजवळ बसायला त्या काळी दुसरं कोण तयार होतं? राग येतो तो त्यांचा एक शब्द उचलून बायकांवर भिरकावणाऱ्यांचा.

आज चित्र बरंच गुंतागुंतीचं आहे. कोणताही एक जनुक हा आजार करत नाही. २०१४ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जनुकसंचातल्या १०८ ठिकाणी धागेदोरे सापडले, २०२२ मध्ये २८७. प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. शंभरातल्या साधारण एका माणसाला हा आजार होतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर दहातल्या एका मुलाला. एकरूप जुळ्यांपैकी एकाला झाला, तरी दुसऱ्याला होतोच असं नाही; जवळपास निम्म्या वेळा तो सुटतो. म्हणजे रक्तापलीकडेही काही आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी रसद तोडल्यामुळे हॉलंडच्या पश्चिम भागात उपासमार झाली. त्या भुकेच्या ऐन कडाक्यात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात हा आजार दुपटीने आढळला. वयात येताना मेंदू आपल्या जादा जोडण्या छाटतो, त्या छाटणीतच काही बिघडत असावं, असं १९८२ मध्ये अर्विन फाइनबर्ग यांनी सुचवलं होतं. डॅनिएल वाइनबर्गर यांनी १९८७ मध्ये त्याला जोड दिली, की इजा जन्माआधी किंवा जन्माच्या आसपास होते आणि ती दबा धरून बसते. मेंदूची वाढ पुरी होताना बाहेर येते. शाळेत हुशार असलेला मुलगा बारावीनंतर खोलीत कोंडून का घेऊ लागतो, याचं हे सर्वांत पटणारं उत्तर. कोवळ्या वयात भरपूर गांजा ओढणं धोका वाढवतं, हेही आता पक्कं आहे.

आणि घर? घराला पूर्ण निर्दोष ठरवणंही खरं नव्हे. फिनलंडमध्ये पेक्का तिएनारी यांनी आजारी आयांची दत्तक गेलेली मुलं पाहिली. अशांत घरी वाढलेल्यांत आजार अधिक होता, सुखी घरी वाढलेल्यांत कमी; मुळात रक्तात जोखीम नसलेल्यांत मात्र घराचा फरक तसा पडला नव्हता. मातीत बी असेल तर पावसाने फरक पडतो. बी पावसाने येत नाही.

१९७७ साली विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावी हॅरिएट शेटलर आणि बेव्हर्ली यंग या दोघी जेवायला भेटल्या. दोघींचेही मुलगे या आजाराने ग्रासलेले. बोलता बोलता त्यांनी आणखी कुटुंबं जमवायचं ठरवलं. दोन वर्षांत, १९७९ च्या सप्टेंबरमध्ये, देशभरातली अडीचशेहून अधिक माणसं मॅडिसनला जमली आणि मनोरुग्णांच्या कुटुंबीयांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. ज्यांना डॉक्टरांनी वर्षानुवर्षं गप्प बसवलं होतं त्या आया आता संशोधनासाठी पैसे मागत होत्या, कायदे मागत होत्या.

लंडनमध्ये मात्र घराचा विचार दुसऱ्या रीतीने सुरू होता. समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांना १९५० च्या दशकात दिसलं होतं, की रुग्णालयातून सुटून काही विशिष्ट घरी परतलेले रुग्ण लवकर पुन्हा आजारी पडतात. पुढे क्रिस्टीन व्हॉन आणि ज्युलियन लेफ यांनी १९७६ मध्ये ते अधिक नेमकं मोजलं. सतत टीका, राग, किंवा रोग्याच्या श्वासाश्वासावर लक्ष, असं वातावरण असलं की आजार उलटतो. हा आजाराच्या कारणाचा शोध नव्हता, आजार झाल्यानंतरच्या सांभाळाचा होता, आणि तो फरक फार महत्त्वाचा. लेफ पुढे चंदीगडला आले, डॉ. नरेंद्रनाथ विग यांच्याबरोबर काम केलं आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध केलं, की तिथल्या कुटुंबांत असं वातावरण लंडनपेक्षा बरंच कमी आढळलं.

पण त्याआधी, १९८२ साली, लेफ यांनी लंडनमध्ये २४ घरांचा एक प्रयोग केला होता. सगळे रुग्ण औषधांवर होते, सगळीच घरं तापलेली. निम्म्या घरांना डॉक्टर आजाराची माहिती समजावून सांगत, घरी जाऊन बसत. नऊ महिन्यांत नेहमीच्या उपचारावर राहिलेल्यांपैकी निम्मे पुन्हा आजारी पडले. माहिती मिळालेल्या घरांतला एकच. प्रयोगात नातेवाईकांचा एक गटही होता, पंधरा दिवसांनी एकदा जमणारा. त्यात मुद्दाम अशा आया, बाप, नवरे, बायकाही बोलावल्या होत्या ज्यांच्या घरी वातावरण निवलेलं होतं. डॉक्टर कमी बोलत. मुलगा दुपारी बारापर्यंत उठत नाही, काय करू, असं कुणी विचारलं, की दुसरी सांगे, मी दारावर टकटक करते, चहा ठेवते आणि निघून येते; आजार आहे, आळस नाही, हे मला कळायला दोन वर्षं लागली.